चोर कितव्या ओळीत आणू, बाई?



आजचा विषय नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. थ्रिलर म्हणजे थरारपटाच्या पटकथेची सुरुवात कशी करतात आणि तिचा वेग कसा ठरवतात, हे आज पाहू. प्राथमिक शिक्षिकेचा याच्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध माझ्या एका चुकीमुळे आला. म्हणून आधी चूक सांगते, मग विषयाकडे वळते.

आमचा पाच मिनिटांचा चित्रपट

गेल्या स्नेहसंमेलनात नाच-गाण्यांबरोबर मुलांचा एक छोटा चित्रपट दाखवायचं ठरलं. चित्रीकरण मोबाईलवर, ठिकाणं गावातलीच, कलाकार चौथीची मुलं. गोष्टही मुलांनीच लिहायची. एका मुलाने वहीची दीड पानं भरून आणली. विषय घरचाच होता: विहिरीवरची मोटार चोरीला जाते. आमच्याकडे उन्हाळा आला की कुणाची ना कुणाची मोटार जातेच.

त्याची सुरुवात अशी होती:

१. पहाटे आजी चूल पेटवते.
२. आजोबा चहा पितात.
३. आजोबा म्हणतात, आज कांद्याला पाणी दिलंच पाहिजे.
४. ते कुत्र्याला हाक मारतात, पण कुत्रा पडूनच राहतो.
५. त्याच्यासमोर रात्रीची भाकरी तशीच असते.
६. आजोबा विहिरीकडे निघतात.
७. वाटेत शेजारचा दादा भेटतो आणि रामराम करतो.
८. विहिरीवर बघतात तर वायर कापलेली आणि मोटार नाही.

मी लाल पेन हातात घेतलं आणि पहिल्या सात ओळींवर काट मारली. शेरा लिहिला, "फार रेंगाळतंय. विषयावर ये." एवढंच नाही, नवी सुरुवातही मीच लिहून दिली. अंधार. धडाम असा आवाज. तोंड बांधलेले दोघे मोटार उचलून पळतात. आजोबा ओरडतात, "चोर! चोर!"

कार्यक्रमाच्या दिवशी काय झालं? धडाम झाल्याबरोबर मुलं हसली. चोर पळाले तेव्हा टाळ्या पडल्या, कारण रुमालामागे कोण आहे ते सगळ्यांनी ओळखलं होतं. मोटार गेली याचं कुणालाच काही वाटलं नाही. शेवटी असं उघड होतं की चोरांपैकी एक शेजारचा दादाच आहे. रात्री त्याने कुत्र्याला भरपूर खाऊ घातलेलं असतं, म्हणून कुत्रा भुंकत नाही. हे ऐकून पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मोठ्याने विचारलं, "पण कुत्रा कुठं दिसला गं मघाशी?"

कुत्रा मीच कापला होता.

पुढच्या आठवड्यात कथालेखनाच्या तासाला तोच मुलगा वही घेऊन टेबलाशी आला. म्हणाला, "चोर कितव्या ओळीत आणू, बाई?" तो पूर्वी असं कधी विचारत नसे. न सांगता दीड पान लिहिणारा मुलगा आता माझ्याकडे ओळीचा नंबर मागत होता. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना थरारपटांबद्दल जे वाचलं आणि जे चित्रपट पुन्हा पाहिले, त्याचं सार पुढे देत आहे.

पान म्हणजे मिनिट

आधी थोडी तांत्रिक माहिती. हॉलिवूडमध्ये पटकथा लिहिण्याची एक ठरलेली मांडणी आहे. त्या मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाची पटकथा १२० पानांच्या आसपास. सिड फील्ड या अमेरिकी लेखकाचं पटकथालेखनावरचं पुस्तक १९७९ मध्ये आलं आणि जगभर वाचलं गेलं. त्यात त्याने पहिला टप्पा साधारण ३० पानांचा धरला आहे, आणि पहिल्या दहा पानांना फार महत्त्व दिलं आहे. वाचणारा तेवढ्यातच ठरवतो की पुढे वाचायचं की नाही.

यावरून बऱ्याच जणांचा समज होतो की थरारपट असेल तर पहिल्या पानावर खून, पाठलाग किंवा स्फोट हवाच. माझंही तेच झालं. पण उत्तम थरारपटांच्या सुरुवाती घड्याळ लावून पाहिल्या की वेगळंच चित्र दिसतं.

दोन वेगळे वेग

सुरुवातीला दोन प्रकारचे वेग असतात. त्यांची गल्लत केली की गडबड होते.

पहिला, घटनांचा वेग. पडद्यावर किती गोष्टी किती झटपट घडतात, तो.

दुसरा, प्रश्नाचा वेग. बघणाऱ्याच्या मनात "आता काय होणार?" हा प्रश्न कधी उभा राहतो आणि किती वेळ टिकतो, तो.

थरारपटाची सुरुवात दुसऱ्या वेगावर चालते. आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाने हे फार सोप्या उदाहरणाने समजावलं आहे. फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ मध्ये त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, त्यात ते येतं. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारत आहेत. टेबलाखाली बॉम्ब आहे, पण आपल्याला ते ठाऊक नाही. बॉम्ब फुटतो आणि आपण काही सेकंद दचकतो. आता तोच प्रसंग, पण बॉम्ब ठेवताना आपण पाहिलेलं आहे आणि तो किती वाजता फुटणार तेही माहीत आहे. गप्पा त्याच, तितक्याच साध्या. तरी आपण खुर्चीच्या टोकावर येतो. त्या माणसांना ओरडून सांगावंसं वाटतं. पहिल्या प्रकारात काही सेकंदांचा धक्का मिळतो, दुसऱ्यात पंधरा मिनिटांची उत्कंठा. गप्पांचा वेग बदललेला नाही. आपल्या हाती आलेली माहिती तेवढी बदलली.

ऑर्सन वेल्सच्या "टच ऑफ ईव्हिल" (१९५८) या चित्रपटाची सुरुवात जवळजवळ अशीच आहे. एक माणूस बॉम्बचं घड्याळ लावतो आणि तो एका मोटारगाडीच्या डिकीत ठेवतो. पुढची तीन मिनिटं कॅमेरा मध्ये कुठेही न तुटता ती गाडी आणि रस्त्याने चालणारं एक नवविवाहित जोडपं यांच्याबरोबर फिरतो. गाडी थांबते, पुढे जाते. जोडपं तिच्या जवळ येतं, लांब जातं. सीमेवरचे पहारेकरी गप्पा मारतात. घटना म्हणाल तर काहीच नाही, गर्दीचा रस्ता आहे. पण पहिल्या काही सेकंदांत प्रश्न पेरला गेला आहे, म्हणून ती तीन मिनिटं लांब वाटत नाहीत.

सायको: पाऊण तास थांबलेला खून

आता हिचकॉकचाच "सायको" (१९६०) घेऊ. हा चित्रपट मोठ्यांसाठीच आहे, मुलांना दाखवू नका. पण त्याची रचना आपल्याला शिकण्यासारखी आहे.

मूळ कादंबरी रॉबर्ट ब्लॉकची. ती सुरू होते नॉर्मन बेट्सच्या घरात, म्हणजे जिथे भयंकर घटना घडणार आहेत तिथेच. पटकथाकार जोसेफ स्टेफानोने ही सुरुवात बदलली. चित्रपट सुरू होतो फिनिक्स शहरात, शुक्रवारी दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी. मॅरियन नावाची नोकरी करणारी एक तरुणी आहे. तिला लग्न करायचंय, पण तिच्या प्रियकराकडे पैसे नाहीत. ऑफिसात एक गिऱ्हाईक ४० हजार डॉलर रोख देतं. साहेब तिला ते बँकेत भरायला सांगतात. ती भरत नाही. पैसे घेऊन गाडीने निघते.

मग काय होतं? सिग्नलला साहेबच गाडीसमोरून रस्ता ओलांडतात आणि तिला बघतात. ती रस्त्याकडेला गाडीत झोपते, सकाळी काळ्या चष्म्याचा पोलीस काचेवर टकटक करतो. ती घाईघाईने गाडी बदलते, पोलीस समोर उभा राहून बघत असतो. रात्री मुसळधार पाऊस लागतो आणि ती एका आडबाजूच्या मोटेलवर थांबते.

१०९ मिनिटांच्या या चित्रपटात पहिला खून साधारण पाऊण तासाने होतो. तोपर्यंत आपण कंटाळत नाही, कारण प्रत्येक प्रसंगात एकच प्रश्न जिवंत आहे: ही पकडली जाईल का? आणि पाऊण तास तिच्या शेजारच्या सीटवर बसून प्रवास केल्यावर ती आपल्याला परकी राहत नाही. म्हणून तो खून जिव्हारी लागतो. तोच पाचव्या मिनिटाला झाला असता तर एका अनोळखी बाईचा खून झाला असता, बस. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये, अशी सूचना हिचकॉकने थिएटरवाल्यांना दिली होती. सुरुवात चुकवून हा चित्रपट बघता येत नाही, हे त्याला माहीत होतं.

जॉज: आधी फटका, मग थांबणं

"म्हणजे सुरुवात संथच हवी का?" असं कुणी विचारेल. तसंही नाही. स्टीव्हन स्पीलबर्गच्या "जॉज"मध्ये (१९७५) पहिल्या काही मिनिटांतच एक मुलगी रात्री समुद्रात पोहायला जाते आणि पाण्याखालचं काहीतरी तिला ओढून नेतं. घटनांचा वेग इथे भरपूर आहे.

पण नीट बघा. शार्क दिसत नाही. फटका दिला, उत्तर मात्र दिलं नाही. त्यानंतर चित्रपट एकदम शांत होतो. पोलीस प्रमुखाचं घर, त्याची मुलं, ऑफिसातला टाइपरायटर, सुट्टीचा हंगाम बुडेल म्हणून किनारा बंद करायला तयार नसलेला महापौर. शार्क नीट दिसायला तासाहून जास्त वेळ जातो. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, हेही त्यामागचं एक कारण होतं. पण त्या अडचणीतून चित्रपटाला फायदाच झाला. किनाऱ्यावर एखादं मूल पाण्यात शिरलं तरी आपला जीव वरखाली होतो.

म्हणजे धडाम करून सुरुवात करणं ही चूक नव्हे. माझं धडाम फसलं, कारण त्याने सगळं दाखवून टाकलं आणि मागे विचारण्यासारखं काही ठेवलं नाही.

दृश्यम: चौथीपलीकडे न शिकलेला नायक

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे "दृश्यम". मूळ चित्रपट मल्याळम, २०१३ चा, लेखक-दिग्दर्शक जीतू जोसेफ. २०१५ मध्ये तो हिंदीत आला. दिग्दर्शक होते "डोंबिवली फास्ट" करणारे निशिकांत कामत, आणि कथा गोव्यात आणलेली. नायक विजय साळगावकर हा चौथीपलीकडे न शिकलेला केबलवाला. मी चौथीला शिकवते, त्यामुळे या माणसाकडे माझं जरा जास्तच लक्ष गेलं.

चित्रपट सुरू होतो तेव्हा विजय पोलीस ठाण्यात बसलेला आहे. तिथून गोष्ट मागे जाते. मग बराच वेळ काय दिसतं? त्याचं घर, बायको, दोन मुली, पैसे जपून वापरायची सवय, रात्री ऑफिसात बसून सिनेमे बघायचं वेड, आणि गायतोंडे नावाच्या पोलिसाशी खटके. पहिल्यांदा बघताना वाटतं, हा तर कौटुंबिक सिनेमा आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट पुढे कामाला येते. सिनेमे बघून मिळवलेलं ज्ञान त्याला वाचवायला येतं. गायतोंडेचा राग त्याच्यावर उलटतो. आणि घर आपण इतकं जवळून पाहिलेलं असतं की ते मोडू नये असं मनापासून वाटतं. शेवट सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा हिरमोड नको.

मग काट कुठे मारायची?

याचा अर्थ मुलांनी काहीही पाल्हाळ लावावं असा नाही. संथ सुरुवात आणि रेंगाळलेली सुरुवात यांत फरक आहे. तो ओळखायला मी चार प्रश्न वापरते:

१. ही ओळ काढली तर पुढचं काही कळेनासं होतं का? होत असेल तर ती ठेवायची.
२. नेहमीच्या दिनक्रमात एक तरी खटकणारी गोष्ट आहे का? न खाल्लेली भाकरी, उघडं राहिलेलं फाटक, वेळेवर न आलेली एस.टी.
३. कुणाचं काय जाणार आहे, हे घटनेच्या आधी कळलं का?
४. प्रसंग याहून उशिरा सुरू करता येईल का? दार उघडणं, बसणं, चहा ओतणं हे सगळं दाखवायलाच हवं असं नाही.

या चाळणीतून त्या मुलाच्या आठ ओळी घातल्या. चूल आणि चहा गेले तर काहीच बिघडत नाही. सहावी ओळही नको, कारण आजोबा वाटेवर दिसले की ते निघाले हे कळतंच. म्हणजे काट तीन ओळींवर बसायला हवी होती. मी सात ओळींवर मारली. त्यात कांदा गेला, कुत्रा गेला, भाकरी गेली.

मग आम्ही दोघांनी बसून ती सुरुवात पुन्हा लिहिली:

दृश्य १. घराचा ओटा. पहाट.
(आजोबा कुत्र्याला हाक मारतात. कुत्रा मान वर करतो, उठत नाही. समोर रात्रीची भाकरी तशीच.)
आजी: याला काय झालं आज?
आजोबा: असू दे, उशीर होतोय. आज पाणी दिलं नाही तर कांदा हातचा जाईल.

दृश्य २. शेताची वाट.
(शेजारचा दादा समोरून येतो.)
दादा: रामराम आजोबा. आज एकटेच? कुत्रं नाही आलं संगं?

दृश्य ३. विहीर.
(कापलेली वायर. मोटारीची जागा रिकामी.)

दृश्यं कशी आखूड होत गेली ते बघा. पहिल्यात दोघांचं बोलणं आहे, दुसऱ्यात एकाचंच, तिसऱ्यात शब्दच नाही. वाचणाऱ्याचा श्वास यामुळे आपोआप जलद होतो. पटकथेत वेग असाही वाढवतात. आणि दादाचं ते वाक्य मुलाने स्वतः सुचवलं. पहिल्यांदा ऐकताना ती साधी चौकशी वाटते. शेवट कळल्यावर तेच वाक्य आठवतं.

आपलं पाठ टाचण आठवा

शिक्षकांना हे तंत्र अनोळखी नाही. डी.एड.ला सराव पाठ घेताना प्रस्तावनेचे प्रश्न काढायचो, आठवतं? समजा पाठ बाष्पीभवनाचा आहे. धुतलेले कपडे कुठे वाळत घालता? सगळे हात वर. ऊन असलं की ते लवकर वाळतात का? पुन्हा हात वर. मग त्यातलं पाणी जातं कुठे? इथे हात हळूहळू खाली येतात, वर्ग शांत होतो. त्या शांततेनंतर आपण हेतुकथन करायचो. दोन ओळखीच्या गोष्टी, मग एक न सुटणारी. थरारपटाची सुरुवात याच चालीने जाते. वर्गात पाय ठेवताच फळ्यावर "बाष्पीभवन" लिहिलं, तर ते माझ्या धडामसारखं होतं.

करून पाहण्यासाठी

वर्गात: रोजचा एक प्रसंग द्या, उदाहरणार्थ शाळा सुटल्यावर घरी जाणं. मुलांनी तो पाच ओळींत लिहायचा. मग त्यात कुठेतरी एकच खटकणारी गोष्ट घालायची, पण कारण सांगायचं नाही. वर्गात वाचून दाखवा आणि ऐकणाऱ्यांना विचारा, "तुम्हाला काय जाणून घ्यावंसं वाटतंय?" उत्तर आलं तर सुरुवात जमली. मग खटकणारी गोष्ट पहिल्या ओळीत, तिसऱ्या ओळीत आणि शेवटच्या ओळीत ठेवून तिन्ही वाचा. जागा बदलली की काय बदलतं, ते मुलंच सांगतील.

घरी: मूल एखादी गोष्ट लांबण लावून सांगत असेल तर "पुढे काय झालं ते सांग पटकन" म्हणायच्या आधी एक मिनिट ऐका. मध्येच आलेल्या कुत्र्याबद्दल विचारून बघा. बरेचदा गोष्ट तिथेच असते.

त्या मुलाला उत्तर द्यायला मी त्याची जुनी वही उघडली. माझी लाल काट तशीच होती. म्हटलं, "तुझा चोर तर सातव्या ओळीतच होता. रामराम करून गेला. मलाच दिसला नाही."

तो वहीकडे बघत म्हणाला, "दिसू नये म्हणूनच तसा लिहिला होता, बाई."